एकोणतीसचा पाढा

माझ्या हुशारीचं मूळ तांब्यात होतं. वडिलांना पिंपरीच्या कारखान्यात काम लागलं म्हणून आम्ही कोकणातून चिंचवडला आलो. शाळेच्या पहिल्या दिवशी आईने तांब्यात निखारे घालून माझ्या सदऱ्याला इस्त्री केली आणि पायात कॅनव्हासचे बूट चढवले. वर्गात बाकी सगळे अनवाणी. गुरुजींनी मला नीट न्याहाळलं, "कारखान्यातल्या साहेबांचा दिसतोस," म्हणाले, आणि त्याच क्षणी मी हुशार झालो. वडील तिथे पिंपं ढकलत होते, हे सांगायला मला तोंड होतं; पण ते उघडलं नाही.

हुशार मुलाने पुढे उभं राहून पाढे सांगायचे आणि वर्गाने ते मागून म्हणायचे, अशी रीत होती. माझा पंधराच्या पुढे सगळा आनंदच. एकोणतीस त्रिकला अडलो, तेवढ्यात पुढ्यात बसलेली मळेकऱ्याची मुलगी ओठातल्या ओठात म्हणाली, "सत्त्याऐंशी." मी ते खणखणीत आवाजात ठोकून दिलं. पुढे चार महिने ती पुटपुटायची आणि मी गर्जायचो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच.

ती गोठा उरकून यायची. पायाला शेण, वेणी सुटलेली. गुरुजींनी तिलाही पहिल्याच दिवशी ओळखलं होतं: ढ.

दिवाळीच्या तोंडावर तिचे वडील वर्गात आले.

"गुरुजी, पोरीला डोकं हाय का न्हाई, येवढं सांगा. नसंल तर काढतो. घरी कामं पडल्यात."

ती माझ्याकडे बघत होती.

"अहो, लक्षच नसतं तिचं," गुरुजी म्हणाले. "पाढे चालू असताना सारखी तोंडातल्या तोंडात बडबडते. आणि हा पाहा!" माझ्या पाठीवर थाप पडली.

मी छाती पुढे काढली. घाबरून गप्प राहिलो, ते एक वेळ समजतं. छाती कशाला काढली? त्याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी तिची जागा रिकामी होती. गुरुजींनी नेमका एकोणतीसचाच पाढा सांगायला लावला. मी दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा त्रिकला अडलो. आता पितळ उघडं पडणार हे कळलं, आणि खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं.

गुरुजी उठले. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"बाळाला आज बरं नाही," ते वर्गाला म्हणाले. "पाणी आणा रे कुणीतरी."

पाणी आलं. मी ते प्यायलो.