प्लग माझ्या हातात होता

या सदरातले अनुभव मी इतकी वर्षं वाचत आले ते, खरं सांगते, चुका काढायला. दार आपोआप उघडलं? कडी सैल असेल. कुणी हाक मारली? शेजारचा टीव्ही असेल. माझा स्वभावच तसा. बाजाराला जाताना यादी, गावाला जाताना यादी, आणि घरी आल्यावर काय राहिलं त्याची यादी. त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय… पण हे घडलं ते भर दुपारी, इंदूरला सुदामा नगरमधल्या आमच्या घरी, माझ्या डोळ्यांसमोर.

बाबा इथल्या एका कापड मिलमध्ये मागावर होते. त्या खडखडाटात उभं आयुष्य गेलेलं, म्हणून घरीसुद्धा ओरडूनच बोलायचे. मग इंदुरातल्या मिली एकेक करून बंद पडल्या, बाबांचीही पडली, आणि बाबा बोलायचे जवळजवळ थांबलेच. तिकडे बाजारात रोज नवीन कंपनीचं नवीन सामान येत होतं, माझा धाकटा भाऊ अविनाश सॉफ्टवेअरमध्ये लागून पुण्याला गेला होता, आणि बाबा दारात खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायचे.

आईला त्यांनी कधी नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. "अगं" किंवा "अवीची आई". तिचं सासरचं नाव सुशीला. माहेरचं कमल, ते लग्नात बदललं. मामा गेले, मावशी गेली, आणि ते नाव घेणारं कुणी उरलंच नाही.

अविनाशचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी घरी जेवणावळ होती. नव्या सुनेनं नाव घेतलं, अविनाशनं घेतलं, मग आत्या बाबांच्या मागे लागली. आई आणि मी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होतो. बाहेर एकदम हशा उसळला आणि आत्या पदर तोंडाला लावून आत आली.

"वहिनी, ही कमल कोण गं? भरल्या पंगतीत दादानं तिचं नाव घेतलं! मिलच्या गेटावर भेटायची का काय?"

आईचा झारा तेलावरच थांबला. ती तशीच बाहेर गेली. बाबा हात धूत होते.

"काय म्हणालात?"

"एकदा म्हटलं ना. आता रोज म्हणू का?"

बस्स. पुढे कितीही छेडलं तरी बाबा बधले नाहीत. मात्र अविनाशच्या एका मित्रानं त्याच्या कॅमेऱ्यात ते शूट केलं होतं. अविनाशनं ती क्लिप, लग्नाचे फोटो, सगळं एका एक्सटर्नल हार्ड डिस्कवर घातलं आणि डिस्क आमच्याकडे ठेवली. म्हणाला, "तुम्ही कॉम्प्युटर घ्या, मग निवांत बघा."

कॉम्प्युटर घेईपर्यंत बाबा राहिले नाहीत. हार्ट अटॅक. आई माझ्याकडे राहायला आली.

आणि ज्या दिवशी कॉम्प्युटर आला, त्या दिवशी डिस्क लावली तर… काहीच नाही. 'माय कॉम्प्युटर'मध्ये तिचं नावच येईना. ना आवाज, ना लाइट.

मी कामाला लागले. केबल बदलली. मागचे पोर्ट झाले, पुढचे झाले. ड्रायव्हरची सीडी दोनदा टाकली. ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावून पाहिली. दुसऱ्याचा अ‍ॅडॅप्टर मागून आणला. अविनाश फोनवरून सांगायचा, मी करायची. मित्राची कॅमेऱ्यातली टेप कधीच पुसली गेली होती, म्हणजे जे काही होतं ते या एका डब्यात. शेवटी जेल रोडवर कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या जैन भियांकडे नेली. त्यांनी कानाला लावून हलवून पाहिली.

"भाभीजी, मान जाओ. ये गई. दिल्ली भेजो तो भेजो, पर गारंटी मैं नहीं लेता."

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "माझं नाव ह्यांच्या लक्षात होतं, एवढं कळलं ना. पुरे झालं." मग बऱ्याच वेळानं, वाटाणे सोलता सोलता, "नाही गं, पुरे नाही. त्यांच्या तोंडून ऐकायचंय मला."

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. अविनाशनं पुण्याहून नवीन केबल पाठवली होती, ती लावून बघत होते. काही होत नव्हतंच. आई शेजारी बसली होती. तेवढ्यात लाइट गेली. त्या दिवसांत कटौती रोजचीच. कॉम्प्युटर यूपीएसवर होता, तो टीं-टीं करायला लागला. डिस्कचा अ‍ॅडॅप्टर मात्र भिंतीवरच्या साध्या बोर्डात होता. लाइट परत येताना झटका बसून आमचा मिक्सर जळाला होता, तेव्हापासून लाइट गेली की मी सगळे प्लग काढते. वाकले, अ‍ॅडॅप्टरचा प्लग उपसून काढला आणि सरळ झाले.

आई म्हणाली, "हे बघ, काहीतरी आलं."

स्क्रीनवर डिस्क दिसत होती.

मी विचार न करता क्लिक केलं. फोल्डर उघडलं. क्लिप सुरू झाली. पांढऱ्या बुशशर्टातले बाबा, बाजूला आत्याचा हात त्यांना ढोसतोय. बाबा खाली बघतात, घसा खाकरतात आणि मागांवरून पलीकडच्याला सांगावं तशा त्यांच्या जुन्या, खणखणीत आवाजात म्हणतात —

"उभा धागा, आडवा धागा, जन्मभर विणली मलमल… सून आली घरात, आता तरी निवांत बसेल कमल!"

"ओ," आई म्हणाली.

शाळेत हजेरी घेताना मुलगी देते ना, तशी ओ. बसल्या जागी ती ताठ झाली होती.

मी डिस्ककडे पाहिलं. तिचा हिरवा दिवा बंद होता. हात लावला तर थंड, जरासुद्धा घरघर नाही. आणि प्लग माझ्या हातात होता. वायर लोंबकळत होती.

क्लिप संपली. आई म्हणाली, "परत लाव." मी हात पुढे केला तोच यूपीएस बसला आणि स्क्रीन काळी झाली.

लाइट आल्यावर मी सगळं पुन्हा केलं. प्लग लावून केलं, काढून केलं, मुद्दाम मेन स्विच बंद करून केलं. काही नाही. म्हणाल, मायलेकींना भास झाला. तसंही असेल, पण कॉम्प्युटरच्या प्लेअरमध्ये शेवटी वाजलेल्या फाइलचं नाव आलं होतं — 'बाबा नाव'. म्हणून डिस्क घेऊन परत जेल रोडला गेले. जैन भियांनी माझ्या समोर ती खोलली आणि आतली चकती बोटानं ढकलून दाखवली. हलेना.

"मोटर जाम है, भाभीजी. ये घूम ही नहीं सकती. आपने कोई और चीज़ देखी होगी."

केबलमधून थोडा करंट जातो, तेवढ्यावर चालली असेल का, असंही विचारलं. ते हसले. "इतनी बड़ी डिस्क? और वो भी जाम?"

अविनाशला फोनवर सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "ताई, यमक मलमलचं होतं ना?" तो त्या पंगतीत होता. मी नव्हते. ते शब्द मला कधी कुणी सांगितलेही नव्हते, मग यमक कुठून कळणार?

त्यानंतर आईला एक सवय लागली. लाइट गेली की ती हातातलं काम ठेवायची, केस नीट करायची आणि कॉम्प्युटरसमोर येऊन बसायची. सगळ्या कॉलनीत लोक सरकारला शिव्या घालत असायचे आणि आमच्या घरात आई पदर सारखा करून बसलेली. लाइट आली की उठायची आणि कुकर लावायची.

आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. कॉम्प्युटर भंगारात गेला. या सगळ्याचं स्पष्टीकरण मला आजही देता येत नाही, आणि मिळावं असंही आता फारसं वाटत नाही.

इंदुरात हल्ली लाइट जात नाही. चांगलंच आहे. परवा वादळात मात्र गेली. मी गॅस बंद केला आणि बाहेरच्या खोलीत, कॉम्प्युटर असायचा तिथे जाऊन बसले. थोड्या वेळानं लाइट आली, रस्त्यावर पोरं ओरडली, पंखा फिरायला लागला.

अजून थोडा वेळ गेली असती तर चाललं असतं.