म्होरं मी

"म्होरं मी, मागनं तुमी," असं म्हणत आप्पा गाडीपुढं व्हायचे. मध्यावर पोचले की पुलाच्या फळ्यांवर टाच दोनदा आपटायचे, कान देऊन ऐकायचे आणि मगच गाडीवानाला हात करायचे.

खानापूरच्या रानातल्या ओढ्यावरचा तो पूल त्यांनीच बांधला होता. मी बेळगावच्या कॅम्पातल्या बांधकाम कचेरीत कारकून, कामावर लक्ष ठेवायला पाठवलेला. पूल सगळा लाकडी आणि वर कौलांचं छप्पर. लोक म्हणायचे, सुतार घर बांधायला बसला आणि भिंती विसरला. आप्पा शांतपणे सांगायचे, "मानूस भिजला तर वाळतोय. लाकूड भिजलं की कुजतंय." कचेरीनं खिळ्यांची पेटी पाठवली, पण त्यांनी सगळे सांधे लाकडी खुंट्यांनी आवळले. पेटीवर बसून पान मात्र रोज खाल्लं.

त्यांची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. झाड तोडायच्या आदल्या संध्याकाळी ते कुऱ्हाड बुंध्याला टेकवून ठेवत. सकाळी ती उभी असली तर झाडाची परवानगी मिळाली. पडली असली तर त्या झाडाला हात लावायचा नाही.

मोठ्या तुळईसाठी किंदळीचं एकच सरळ झाड सापडलं होतं. साहेब पाहणीला येणार होते आणि तुळई तयार नसली तर घरी बस, असं मला बजावलं होतं. झाड तोडायच्या सकाळी मी आप्पांच्या आधी रानात गेलो. कुऱ्हाड पडली होती. मी इकडं तिकडं पाहिलं आणि ती परत उभी केली. आप्पा आले, कुऱ्हाडीकडं बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बरं."

पूल झाला, पण आप्पा घरी गेले नाहीत. पुलाच्या तोंडाशीच खोपट घालून राहिले आणि प्रत्येक गाडीपुढं चालू लागले. गाडीवान चेष्टा करायचे, "आप्पा, पूल बांधलाय का त्येच्यासंगट लगीन लावलंय?" सगळे हसायचे. मला हसू यायचं नाही. फसवून आणलेलं झाड कुणाचा तरी जीव घेणार, आणि सगळ्यांत पुढं तर रोज आप्पाच. पूल ओलांडताना पायाखालची तुळई मला ओळखते आहे असं वाटायचं. तरी मी गप्प राहिलो. वर्षानुवर्षं.

शेवटी आप्पा तापानं अंथरुणाला खिळले, तेव्हा मी त्यांच्या उशाशी बसून सांगून टाकलं, "आप्पा, ती कुऱ्हाड मी उभी केली होती."

"ठावं हाय," ते म्हणाले. "मी पातं उगवतीकडं करून ठेवतो. सकाळी त्ये मावळतीकडं हुतं."

"मग तोडलंत कशाला?"

"तुमचं त्वांड बघितलं, भाऊसायेब. लई भ्यालता." त्यांना धाप लागली. "म्हनून तर म्होरं मी. त्येला कुनी पायजेच असंल, तर मला घिऊ दे. घाव माजा हाय."

मी त्यांच्यापुढं लहान मुलासारखा रडलो.

तुळईनं कुणालाच नेलं नाही. आप्पांना त्या तापानंच नेलं.

परवा तिकडं गेलो होतो. खोपट पडलंय. एक गाडी आली आणि बैल सवयीनं पुलाच्या तोंडाशी थांबले, काही केल्या पाऊल उचलेनात. गाडीवान चाबूक उगारणार, तेवढ्यात मी पुढं झालो. "म्होरं मी," म्हणालो आणि छपराखाली शिरलो. मध्यावर पोचायला अजून चार पावलं होती. तेवढ्यात फळ्यांवर टाच दोनदा आपटल्याचा आवाज आला.

पुढं कुणीच नव्हतं. आप्पांनी मला अजूनही पुढं जाऊ दिलं नव्हतं.

मी मागं वळलो आणि गाडीवानाला हात केला.