बांबूची नळी

पेणच्या रामवाडीतले ते बंदूक विक्री-दुरुस्तीवाले गिऱ्हाइकाला आधी बंदूक दाखवतच नाहीत. कोपऱ्यातून वेगवेगळ्या लांबीच्या बांबूच्या काठ्या काढतात आणि विचारतात, "बसनार कुठं?"

निडीच्या माझ्या काकांना पिकात घुसणाऱ्या रानडुकरांसाठी परवाना मिळाला, तेव्हा मी त्यांच्यासोबत गेलो. शस्त्रांविरुद्ध चार पानी पत्रक लिहिलेला मी दुकानात शिरताच तज्ज्ञ झालो.

"सगळ्यात लांब नळीची रायफल द्या. घ्यायचीच तर पूर्ण ताकदीची!"

"उघड्या माळावर लांबचा नेम धरायचा तर लांब नळी बरी," ते काडीने कान कोरत म्हणाले. "काका, तुमी कुठं बसनार?"

"माचाणावर. मी नि हा, दोघं."

त्यांनी दोन बाकडी जोडून माचाण केलं, आम्हाला खेटून बसवलं आणि सगळ्यात लांब काठी माझ्या हातात दिली.

"डुक्कर मागनं आलं. फिर!"

मी आवेशाने फिरलो. काठीने आधी काकांची टोपी उडवली, मग ती त्यांच्या गळ्याशी जाऊन टेकली.

दुरुस्तीवाल्यांनी कान कोरणं थांबवलं. "डुक्कर गेलं घरी. काका नाय जानार."

काकांनी आखूड नळीची बंदूक घेतली आणि माचाणावरची माझी जागा रद्द केली. निघताना काकांनी माझ्या पत्रकाचं आणि मोर्च्यांचं सांगितलं, तेव्हा दुरुस्तीवाल्यांनी ती लांब काठी मला बक्षीस दिली. "मोर्च्यात झेंड्याला लाव. तिथं लांबच शोभते."

लावली आहे. हल्ली घोषणा देता देता वळायचं झालं, तर मागे कोण उभं आहे ते मी आधी बघतो.