मिस्त्रींनी बांधलेली सर्वांत लहान खोली

पडदा वर जातो तेव्हा दुपारचे चार वाजलेत. रंगमंचाच्या मधोमध एक जुना, बुटका ट्रक उभा आहे. कधीकाळी त्यातून बेकरीचे पाव दुकानोदुकानी जात, आणि अजूनही ऊन तापलं की त्याच्या पत्र्याला पावाचा वास सुटतो. मागचं दार सताड उघडं. आत गुडघ्यांवर बसलेले मिस्त्री, कानावर पेन्सिल आणि ओठांत तीन खिळे. डाव्या अंगाला दोन खोल्यांचं घर, खिडकीत शिलाईचं मशीन, मशीनमागे मावशी. मशीन मधूनच थांबतं. थांबलं की मिस्त्रींना मान न वळवताही कळतं, बाईसाहेब आपल्याकडे बघतायत.

"अहो, किती उंच करताय ते?"

"तुझ्या गुडघ्यांना सोसेल एवढं." खिळे तोंडात असल्यामुळे मिस्त्री जरा जोरातच बोलले.

"हळू! शेजारी ऐकतील."

मिस्त्री त्या ट्रकमध्ये संडास बांधत होते. मावशींच्या तोंडी मात्र त्याचं नाव फक्त 'ते'. संसाराला पस्तीस वर्षं झाली, दोन मुली नांदत्या झाल्या, पण नवऱ्यासमोर हा शब्द मावशींनी कधी उच्चारला नव्हता. आणि त्या न उच्चारण्यातूनच तर हे सगळं प्रकरण उभं राहिलं होतं.

एकेचाळीस वर्षं मिस्त्रींनी एका फिरत्या नाटक कंपनीचे सेट लावले. राजवाडे, तुरुंग, इस्पितळं, वकिलाची कचेरी, एकदा तर अख्खं जहाज. दुपारी दोनला ओसाड रंगमंचावर शिरायचं आणि सहाच्या आत तिथे घर उभं करायचं, असं की प्रेक्षकाला वाटावं, ही माणसं इथे पिढ्यानपिढ्या राहतायत. त्याच कंपनीत मावशी कपडेपट सांभाळायच्या. राजाच्या अंगरख्याचं तुटलेलं बटण विंगेत उभ्या उभ्या, राजा अंगात असताना, लावून द्यायच्या. सगळी कंपनी त्यांना मावशी म्हणे, अगदी वयानं मोठा असलेला खलनायकसुद्धा.

काय दिवस होते ते! बसच्या टपावर दारं-खिडक्या दोरीनं आवळलेल्या, आत वीस माणसं आणि बावीस भांडणं. पुढच्या बाकावर नायिका उशीत तोंड खुपसून संवाद घोकतेय, मागे तबलजी घोरतोय, आणि घोरणंसुद्धा तालात! गावाबाहेर कुठेतरी बस थांबायची. पुरुषमंडळी टुणकन उतरून झाडांमागे पांगायची, हातपाय मोकळे करून हसत-खिदळत परत चढायची. बायका आपल्या जागी बसून असायच्या. मिस्त्रींना वाटायचं, बायकांना उतरायचा कंटाळा.

तो समज फुटला डॉक्टरांच्या खोलीत. मावशींना मुतखड्याचा तिसऱ्यांदा त्रास झाला, तेव्हा.

"दिवसाला पाणी किती पिता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"घरी असले की भरपूर."

"आणि प्रवासात?"

मावशींनी पर्सचा बंद बोटाला गुंडाळला. सोडला. पुन्हा गुंडाळला. "प्रवासात दुपारी बारानंतर बंद. आम्हा सगळ्याच बायकांचं असं. थिएटरच्या मागे एकच असायचं, तिथेही पुरुषांच्या खोलीतून जावं लागायचं. आणि त्याला कडी नसायची."

मिस्त्री बसल्या जागी खचले. किल्ल्याच्या दरवाजांना त्यांनी पितळी कोयंडे लावले होते. ज्या तुरुंगात कुणी कधी कोंडलं जाणार नव्हतं, त्यालासुद्धा खरं कुलूप घातलं होतं. त्या एका दाराला कडी ठोकायला पाच मिनिटं लागली असती. हातोडी तर कमरेलाच होती.

"मला सांगायचं नाहीस का गं?" बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं.

"हे काय सांगायची गोष्ट आहे?" मावशी म्हणाल्या आणि भराभर पुढे चालायला लागल्या.

आता इतकी वर्षं गेली ती गेलीच. पण मावशींची थोरली बहीण दोन दिवसांच्या वाटेवर राहायची. खुब्याचं हाड मोडल्यापासून ताई अंथरुणाला खिळलेली. दर रविवारी फोनवर तेच ऐकवायची, "येतेस, की मी गेल्यावर फुलं घेऊन येणारेस?" गेल्या खेपेला मावशी बसनं गेल्या, सवयीप्रमाणे घशाखाली थेंब न घालता. पोचल्या त्या ताईच्या घरी नाही, तिथल्या इस्पितळात. ताईची भेट झालीच नाही. डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं, तासाला एक ग्लास पाणी पिणार असाल तर जा, नाहीतर घरी बसा. मावशी घरी बसल्या. आणि मिस्त्री जाऊन बेकरीचा ट्रक घेऊन आले.

महिनाभरानं मिस्त्रींनी उद्घाटनाला आपल्या जुन्या दोस्ताला बोलावलं. हा कंपनीचा मेकअपवाला, सगळे त्याला पावडरशेठ म्हणत. ट्रकमध्ये दोघांपुरता पलंग, स्टोव्हची फळी, पाण्याची टाकी आणि कोपऱ्यात ती खोली. मिस्त्रींनी एखाद्या पुतळ्यावरचं कापड ओढावं तशी चादर ओढली.

"हे बघ. पॉलिश केलेली पेटी, वर झाकण. पुढे नरसाळं, त्याखाली कॅन. मागे घट्ट झाकणाची बादली. पातळ आणि घट्ट एकत्र आलं की वास मारतो. वेगळं ठेवायचं, बादलीत वरून दोन मुठी भुसा टाकायचा, की विषय संपला. भुसा आपल्याच रंध्याचा! वर पाइप, त्याला छोटा पंखा. वारा बाहेर."

भिंतींना बारीक निळ्या फुलांचा कागद. हात पुसायला कोनाडा. पावडरशेठनी कौतुकानं पेटीवरून हात फिरवला. "मिस्त्री, राजाला नाही केलंस असलं कधी! वहिनी, बसून तर बघा."

मावशी आत चढल्या. बंद झाकणावर अवघडून बसल्या आणि त्यांनी समोर पाहिलं. समोर स्टुलावर चहाचा कप घेतलेले पावडरशेठ, शेजारी छाती फुगवून उभे मिस्त्री, आणि कुंपणापलीकडे कपडे वाळत घालता घालता थांबलेली शेजारीण.

"तिसरी घंटा झाली का?" मावशींनी विचारलं. "नाही, प्रेक्षक बसलेच आहेत, तर सुरू करते."

पावडरशेठचा चहा नाकातून बाहेर आला. मिस्त्रींना कळेना, काय झालं. मग त्यांनी प्रेक्षकांच्या बाजूनं बघितलं. डावी भिंत होती, उजवी होती, मागची होती. जन्मभर तीन भिंतींची घरं बांधलेल्या त्या हातांना चौथीची आठवणच झाली नव्हती.

चौथी भिंत चार दिवसांत उभी राहिली. दाराला आतून पितळी कडी लागली. मिस्त्रींनी तिला तेल दिलं आणि शंभरदा लावून-काढून बघितली. तरी मावशींचा पाय उचलेना. एका संध्याकाळी भाजी निवडताना त्या नजर खाली ठेवूनच म्हणाल्या, "आवाज."

"कसला आवाज?"

"आता सगळंच सांगू का? एवढीशी गाडी. तुम्ही पुढे, मी मागे."

पावडरशेठकडे यावरही तोडगा होता. "कंपनीचा तो गडगडाटाचा पत्रा पडलाय ना गोदामात? वहिनी आत गेल्या की बाहेरून मिस्त्री ढग वाजवतील."

"म्हणजे चार गावांना कळेल!" मावशी कडाडल्या.

मिस्त्रींनी मात्र विचार केला. "मी खाली उतरीन. पान्यानं चाकं ठोकून बघत बसेन, हवा आहे की नाही. ड्रायव्हर लोक करतातच की. मला काही ऐकू येणार नाही, आणि बघणाऱ्याला वाटेल, म्हातारा गाडीला जपतो."

 दुसऱ्या दिवशी मावशींनी बॅग भरली.

सकाळी सहाला निघाले. मिस्त्रींनी दोघांच्या मध्ये पाण्याची बाटली ठेवली होती. आठ वाजता बाटली काठोकाठ. दहाला मावशींनी झाकण उघडलं, ओठ ओले केले आणि झाकण लावलं. प्रयोगाच्या दिवशी नायिका असेच ओठ ओले करायची, लिपस्टिक न हलवता. तेव्हा ते किती डौलदार वाटायचं! मिस्त्रींनी बाटली मावशींकडे सरकवली.

"पी ना गं."

"पिते हो. काय घाई आहे?"

साडेअकराला मावशींचा हात नकळत कमरेवर गेला. मिस्त्रींनी तो पाहिला. आता पुढच्या तासाभरात काय ते ठरणार होतं: ही गाडी ताईच्या दारात उभी राहणार, की पुन्हा इस्पितळाच्या. समजावून उपयोग नव्हता. जी सवय चौतीस वर्षं बसच्या बाकावर मुरली, ती शब्दांनी निघते थोडीच?

त्यांनी गाडी एका शेताच्या कडेला, सुरूच्या झाडांच्या रांगेखाली घेतली. उतरले. चाकाखाली पाचरी सारल्या, ट्रक समपातळीत आणला. कारण तिरक्या गाडीत नरसाळं काम करत नाही, हे त्यांनी घरीच पाणी ओतून पडताळलं होतं. मग पाना घेतला आणि पहिलं चाक ठोकलं. ठण! दुसरं. तिसरं. चौथं. आत सामसूम. मिस्त्री पुन्हा पहिल्या चाकाकडे गेले. रस्त्यानं जाणारा सायकलवाला थांबला.

"काय झालं काका, पंक्चर का?"

"नाही बाबा. खात्री करतोय."

"चाकं ठणठणीत दिसतायत."

"दिसण्यावर जाऊ नये."

सायकलवाला मान हलवत गेला. तिसरी फेरी झाली. मिस्त्रींच्या खांद्यात कळ आली. आतून बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला का? की भास? चौथ्या फेरीत, मागच्या उजव्या चाकाशी, त्यांच्या कानावर तो आवाज आला. खट्. तेल दिलेली पितळी कडी.

हजारो दारांच्या कड्या त्यांनी विंगेतून ऐकल्या होत्या. खुनी यायचा तेव्हाची, मुलगी घर सोडून जायची तेव्हाची. अशी एकही नव्हती. म्हातारा पाना उगारून चाकांवर असा काही तुटून पडला, की झाडावरचे पक्षी उडाले.

पाच मिनिटांनी मावशी पायरीवरून खाली उतरल्या. हात पुसत होत्या, चेहरा लाल. मिस्त्रींनी मुद्दाम टायरकडे बघत राहून विचारलं, "भुसा पुरेसा आहे?"

"आहे."

एवढंच. पण गाडी सुरू झाली, आणि मावशींनी बाटली उचलून तोंडाला लावली ती निम्मी करूनच खाली ठेवली. तिन्हीसांजेला मुक्कामाच्या जागी पोचेपर्यंत त्यांनी आपण होऊन दोनदा म्हटलं, "अहो, जरा चाकं बघता का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बादली उचलायला निघाल्या, तर मिस्त्रींनी वाट अडवली.

"ठेव ती."

"इश्श! तुम्ही काय नेणार? माझं मी नेते."

"कंपनीचा नियम विसरलीस? सेट ज्यानं लावला, त्यानंच काढायचा."

मुक्कामाच्या आवारात मागच्या बाजूला बादल्या रिकाम्या करायची जागा होती. मिस्त्री एका हातात कॅन, एका हातात बादली घेऊन, राजाच्या सिंहासनाचे पाय वाहून न्यायचे त्याच ऐटीत चालत गेले. परत आले तोवर मावशींनी पेटी पुसून लख्ख केली होती, आणि कोनाड्यात रानफुलांचा एक तुरा खोचला होता. 

ताईच्या घरी पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. खोलीत ताई उशांना टेकून बसलेली, पायथ्याशी तिचा मुलगा, सून आणि म्हातारीची बहीण बघायला जमलेल्या दोन शेजारणी. बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, रडल्या. एकीनं दुसरीला "किती वाळलीस" म्हटलं, दुसरीनं "तू किती सुजलीस" म्हटलं. मग ताईनं भीत भीत विचारलं, "प्रवासात त्रास नाही ना झाला गं? मागच्यासारखा?"

अशा प्रश्नाला आजवर मिस्त्रीच उत्तर द्यायचे. त्यांनी तोंडही उघडलं. पण मावशींनी हातानंच त्यांना थांबवलं, कमरेवर हात ठेवला आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा खणखणीत आवाजात, भरल्या घरासमोर म्हणाल्या, "सात वेळा गेले, ताई, दोन दिवसांत सात वेळा! आता सुनेला चहा टाकायला सांग, तोवर जरा संडासला जाऊन येते. नको, तुमचा नको, माझा गाडीत आहे."