भेट म्हणून नोंदलेली ढोली

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. नोकरीची सगळी वर्षं गोंदियातल्या एका छोट्या मानववंशशास्त्र संग्रहालयात गेली... नाव मुद्दाम देत नाही. देवाचे मुखवटे, थडग्यावरचे लाकडी खांब, ताईत, सगळ्यांवर मीच कीटकनाशक फवारलं. कुणी कधी मला काही केलं नाही. तरीही हे लिहितोय, कारण एका नोंदीखाली माझी सही आहे आणि ती नोंद खोटी होती. आता फुलचूरला मुलाकडे असतो. गुडघे गेले, झोपही गेली. एकदाचं सांगून मोकळं व्हावं म्हणतो.

१९९९ साली आम्ही धानशेतीवर प्रदर्शन भरवलं होतं. वस्तू गोळा करायला मी केशोरीच्या बाजूला फिरलो. इटियाडोह धरणाच्या कालव्यालगतच्या एका गावात मनकाबाईंच्या घरी एक ढोली दिसली — धान साठवायची बांबूची कोठी, शेणामातीनं लिंपलेली. एरवी ढोली पुरुषभर उंच असते. ही गुडघ्याएवढीच होती, बियाण्याची. त्यांच्या नवऱ्यानं विणलेली. तो त्याच वर्षी वारला होता.

मी ती उचलली. आत तळाशी मूठभर धान होतं. आमच्याकडे ढोली कधी पूर्ण रिकामी करत नाहीत, मूठभर तरी राहू देतात. मला हे माहीत होतं. प्रदर्शनाच्या लेबलवर मी स्वतःच ते लिहिणार होतो. पण धानाबरोबर कीड येते, म्हणून मी ढोली अंगणात उलटी केली.

"काऊन जी भाऊ, कोंबड्यायले टाकता का?" मनकाबाई म्हणाल्या. खाली बसून त्यांनी दाणा दाणा वेचून पदरात घेतला. "रिकामी ढोली घरातून जात नाही जी."

"पेरणीच्या आधी आणून देतो," मी म्हणालो, आणि ढोली रिकामीच घेऊन निघालो.

प्रदर्शन छान झालं. पाहुणे आले, त्या ढोलीचं कौतुक झालं. आमचे प्रमुख साहेब म्हणाले, ही कायमची ठेवून घेऊ, 'भेट' लिहा. मी लिहिलं. कुणी माझा हात धरला नव्हता.

पेरणीच्या तोंडावर मनकाबाई आल्या. एसटीनं, एकट्याच. ऑफिसात माझ्यासमोर बसल्या.

"माही ढोली न्यायले आली."

"ती नागपूरला गेली, दुसऱ्या प्रदर्शनाला," मी म्हणालो. ढोली बाजूच्याच खोलीत होती. पुसलेली, फवारलेली, फडताळात. मध्ये एक भिंत.

त्यांनी पाणी घेतलं. बराच वेळ काही न बोलता बसल्या, माझ्याकडे बघत. मग "बरं" म्हणून उठल्या. पुन्हा आल्या नाहीत.

आता तो प्रकार. दर प्रदर्शनाची आम्ही एक फाइल ठेवायचो. मांडणी झाली की प्रत्येक वस्तूचा फोटो, लेबलची प्रत, आणि उतरवताना हात लावायच्या आधी पुन्हा फोटो आणि शेरा. वस्तूचं काही बिघडलं का, ते कळावं म्हणून. पुढच्या वर्षी ढोली पुन्हा मांडली, स्क्रूनं बंद केलेल्या काचेच्या कपाटात. उतरवताना बघतो तर तळाशी मूठभर धान.

मी शिपायावर ओरडलो. हरिचंद त्याचं नाव. तो म्हणाला, "साहब, चूहा लाया होगा."

"चूहा ले जाता है रे, लाकर नहीं रखता!"

"सरकारी चूहा है साहब, क्या भरोसा."

हसलो आम्ही. मी शेरा लिहिला, 'आत धान आढळले, साफ केले.' त्यानंतरही एक-दोनदा असंच झालं. मी तोच शेरा लिहिला आणि विचार करायचं टाळलं. ते मला चांगलं जमायचं.

निवृत्त झालो. २०१२ मध्ये जुन्या प्रदर्शनांच्या फायली स्कॅन करायच्या होत्या म्हणून संग्रहालयाच्या नव्या मॅडमनी मला बोलावलं. मांडणीच्या क्रमानं फायली लावत होतो. मी नसतानाही ढोली बरीच फिरली होती. परगावी, दुसऱ्या लोकांच्या हाताखाली. अक्षरं वेगवेगळी, एकमेकांना न ओळखणारी माणसं... आणि शेरा तोच. मांडताना रिकामी. उतरवताना धान. आणि प्रत्येक लेबलवर, 'भेट — मनकाबाई'.

भर दुपारी मी स्टोअरमध्ये गेलो. ढोली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, सील तसंच. सील फोडून हात घातला. मूठभर धान होतं, आणि ते गरम होतं. खळ्यावर उन्हात वाळत घातलेलं धान लागतं ना हाताला, तसं. खोलीत तर ऊनच येत नाही.

मॅडमना सगळं सांगितलं. खोटी नोंदही. त्यांनी ऐकून घेतलं. "काका, धानाचं रेकॉर्डमध्ये काय लिहू?"

"ते राहू द्या. आधी 'भेट' खोडा. उसनी आणली होती."

मी तसं लिहून दिलं, कमिटीपुढे उभा राहिलो, बोलणी खाल्ली. काही महिन्यांनी ढोली माझ्या ताब्यात मिळाली. संग्रहालयानं नियमाप्रमाणे साफ करून दिली. रिकामी आहे हे मी स्वतः पाहिलं, आणि वाटेतही दोनदा पाहिलं.

गावी पोहोचलो. मनकाबाई अजून होत्या. नजर जवळजवळ गेली होती. त्यांची सून दारातच म्हणाली, "आता आणून राहिले का? आता आमच्या घरी पत्र्याची कोठी हाय. कुठी ठेवाची ही?"

मनकाबाईंनी ढोली जवळ ओढली, आत हात फिरवला. काही नव्हतं. सुनेला म्हणाल्या, "मूठभर धान आण वं." तिनं कोठीतून आणून टाकलं. एवढंच.

मी त्यांच्या पायाशी बसलो. म्हणालो, "बाई, मी तेव्हा खोटं बोललो होतो. ढोली नागपूरला गेली नव्हती."

"मालूम हाय. बाजूच्या खोलीत होती."

"कसं... कुणी सांगितलं?"

"कोण सांगते? नव्या धानाचा वास येऊन राहिला होता भिंतीपल्याडून."

त्या ऑफिसात आल्या त्या दिवशी ढोली रिकामी होती. आठवडाभर आधी मी तिला पुसून, फवारून ठेवलं होतं. त्या खोलीत औषधाशिवाय कसलाही वास नव्हता.

"मग तेव्हाच का नाही बोललात?" मी विचारलं.

"तुमी सांगान म्हणून बसली होती जी."

सून चहा ठेवायला आत गेली.

काचेच्या आत धान कुठून यायचं, मला माहीत नाही. मॅडमनी शेरे होते तसेच ठेवले, मीही त्यांना काही सुचवू शकलो नाही. वाचकांपैकी कुणाला खुलासा सुचला तर जरूर लिहा, मी वाचेन. पण खरं सांगतो, हल्ली मी धानाचा विचार करत नाही. ती बाई माझ्यासमोर गप्प बसली होती, तेवढा वेळच डोक्यात येतो. बोलायला तेव्हा किती वेळ होता माझ्याकडे.