तुटक रेघ

आमच्या घराण्याचा वंशवृक्ष मी एका वेबसाइटवर भरत होते. शेजारी बसलेला काका म्हणाला, "सुनीताचं नाव काढून टाक. घटस्फोट झाला, आता ती आपली कोण?" मी काढलं. चौकात उभी राहून बायकांच्या हक्कांची पत्रकं वाटणारी मी. सुनीताकाकूला पुसताना माझं बोट जरासुद्धा अडखळलं नाही.

नाव गेलं आणि काका-काकूच्या मुलीच्या, मीराच्या चौकटीत 'आई: अज्ञात' असं उमटलं. चहा घेऊन आलेली मीरा मागून ते वाचून हसली. "अगं ताई, मी काय आभाळातून पडले?" आमचे कप ठेवून ती स्वतःचा कप तसाच आत घेऊन गेली. काकाने पेपर तोंडासमोर धरला.

संसार मोडला की आपण बाईला मोजत नाही, हे मी कितीदा तरी लिहिलंय. लिहिताना गुन्हेगार मात्र नेहमी दुसऱ्याच्या घरातला असायचा.

मी काकूचं नाव परत घातलं. घटस्फोटासाठी तिथे तुटक रेघेची सोय होती. ती फक्त नवराबायकोमध्ये उमटली. काकूपासून मीरापर्यंत उतरणारी रेघ सलगच राहिली. मघाशी मी नेमकी तीच पुसली होती.