शुक्रवारचे डॉक्टर

बायको एकटी आली, तर शुक्रवारचे डॉक्टर तिची नाडीसुद्धा पाहत नसत. "नवरा कुठे आहे?" एवढंच विचारत. तो कामावर गेलाय म्हटलं की शांतपणे सांगत, त्याला सुट्टी असेल तेव्हा दोघं या. बाई तणतणत परत जायची. मीही एकदा अशीच परत आले आणि उल्हासनगरपासून अंबरनाथपर्यंत मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या.

कॅम्प दोनच्या बाजारात, कापडाच्या दुकानांच्या गल्लीत त्यांचा दवाखाना होता. सिंधी माणूस, मराठी इथल्या बाजारातच शिकलेले. एरवी ताप-खोकल्याची औषधं देत. शुक्रवार मात्र त्यांनी मूल होत नसलेल्या जोडप्यांसाठी राखून ठेवला होता, कारण त्या दिवशी अंबरनाथच्या एमआयडीसीला सुट्टी असे आणि नवऱ्यांना सबब उरत नसे. कारखान्याच्या गेटवर छाती काढून घोषणा देणारे गडी तिथे भिंतीकडे तोंड करून बसत. खोटं कशाला बोलू, मला ते बघायला फार आवडायचं.

आम्ही तेव्हा पालेगावच्या बाजूला राहायचो. मी बालवाडीत शिकवायची आणि हे एमआयडीसीत लोखंडाच्या भट्टीवर होते. लग्नाला सहा वर्षं झाली तरी घरात पाळणा नव्हता. घरात धम्म आला तेव्हा सासूबाईंनी नवस सोडले होते, वैदू मात्र सोडले नव्हते. वांगणीकडच्या त्यांच्या गावाहून मुळ्या यायच्या, त्यांचे कडूजहर काढे मी प्यायची. धडधाकट गडी घरात असताना दोष कुणाचा, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. त्या वर्षी भातकापणी झाली की यांच्यासाठी दुसरी मुलगी बघायला जायचं ठरत होतं. तुला काही हाकलून देत नाही, दोघी बहिणीसारख्या राहा, असं सासूबाई मला अगदी मायेने सांगायच्या.

त्या मायेनेच मी घाबरले आणि पुढच्या शुक्रवारी यांना जवळजवळ ओढून नेलं. डॉक्टरांनी मला खुर्ची दिली, पण प्रश्न सगळे यांना विचारले. काम काय, भट्टीच्या किती जवळ उभे राहता, तंबाखू खाता का, लहानपणी गालगुंड झाले होते का. मग पडद्यामागे नेऊन तपासलं आणि वीर्य तपासायला हवं म्हणून हातात एक छोटी बाटली दिली. हे उसळलेच. मला काय झालंय, तपासायचं तर हिला तपासा, म्हणाले.

डॉक्टर चिडले नाहीत. टेबलावरचा स्टेथोस्कोप बाजूला ठेवून म्हणाले, "साईं, मी तर डॉक्टर. तरी कितीतरी वर्षं बायकोलाच तपासत राहिलो. मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, सुया टोचवल्या. मग एक दिवस स्वतःला तपासलं. दोष माझ्यात होता. तोपर्यंत सगळी गल्ली तिला वांझ म्हणत होती, आणि मी ऐकत होतो."

हे बाटली खिशात घालून उठले.

तपासणीत शुक्राणू फार कमी निघाले. डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. खालच्या शिरा फुगल्या होत्या, त्यावर कल्याणला ऑपरेशन होऊ शकत होतं. भट्टीची धग टाळायची, तंबाखू सोडायची. ऑपरेशननंतर लगेच तपासून उपयोग नाही, नवं बी तयार व्हायला तीनेक महिने लागतात. मूल होईलच असं मात्र सांगणार नाही, हेही बजावलं. सर्जनच्या नावाची चिठ्ठी लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"चिठ्ठी पुढच्या शुक्रवारी. आधी घरी आईला सांग, दोष कुणात आहे ते. तू सांगायचं. बाईने नाही."

सगळ्याच नवऱ्यांना त्यांची हीच अट असे. बरेच जण तिथूनच पळायचे, पुन्हा त्या गल्लीत दिसायचे नाहीत. हेही पळणार अशी माझी खात्री होती. आठवडाभर यांनी तोंड उघडलं नाही. गुरुवारी संध्याकाळी सासूबाई तांदूळ निवडत होत्या, तेव्हा हे त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि खाली मान घालून म्हणाले, "आई, ती मुलगी बघू नको. दोष माझ्यात हाय."

मी तिथेच स्टोव्हपाशी उभी होते. सासूबाईंनी आधी डॉक्टरचा उद्धार केला. मग बराच वेळ सुपातल्या तांदळात नुसतीच बोटं फिरवत राहिल्या. पेरणीआधी बियाण्याचा भात पाण्यात टाकून वर तरंगणारे पोचट दाणे काढण्यात त्यांचा जन्म गेला होता. शेवटी त्या म्हणाल्या, "बीच पोचाट आसंल तं खाचराला का बोल लावायचा?" आणि उठून माझ्या काढ्याचं पातेलं मोरीत पालथं केलं. त्या संध्याकाळी मी पोटभर रडले आणि रडून फार बरं वाटलं.

ऑपरेशन झालं. यांनी साहेबांच्या मागे लागून भट्टीवरून स्टोअरमध्ये बदली घेतली. तपासणीत आकडा थोडा सुधारलाही, पण मूल झालं नाही. दोन-तीन वर्षांनी डॉक्टरांनीच सांगितलं, आता माझ्याकडे औषध उरलं नाही, तुम्हाला उगाच फिरवणार नाही. आम्ही तरी जात राहिलो, औषधासाठी नाही, नुसते भेटायला. सिंधी रीतीप्रमाणे आधी पापड आणि पाणी पुढे यायचं. कधी त्यांची बायकोही येऊन बसे. ती बोलायला लागली की डॉक्टर मध्ये एक शब्द बोलत नसत. त्या दोघांवर माझा फार जीव होता.

नव्वद सालानंतर काही वर्षांनी डॉक्टर गेले. त्यांच्या बायकोला भेटायला गेलो तो दिवसही शुक्रवारच होता. दवाखान्याचं शटर बंद होतं आणि समोर एक तरुण जोडपं उभं होतं. डॉक्टर कधी बसतात, हिला दाखवायचंय, असं त्या मुलाने यांना विचारलं. डॉक्टर वारल्याचं यांनी सांगितलं आणि म्हणाले, "दुसऱ्या डॉक्टरकडे जा. पण आधी तू स्वतःला तपासून घे."

मुलगा लाल झाला. "तुम्ही घेतलं होतं, काका?"

"हो. दोष माझ्यातच होता." भर बाजारात, स्टेशनचा रस्ता सांगावा इतक्या सहज.

त्याची बायको इतका वेळ पायाकडे बघत होती, तिने मान वर केली. मुलाने चाचरत विचारलं, "मग, गुण आला?"

यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आला," म्हणाले.